खाटेवरून खेळाकडे

हृदयविकाराचा रुग्ण आणि व्हिडिओ गेम ही जोडी ऐकायलाच विचित्र वाटते. एक उतारवयातला आजार, तर दुसरा पोराटोरांचा नाद. पण गेल्या शंभर वर्षांत हृदयरोग्याला काय करू दिलं गेलं आणि काय नाही, हे पाहिलं की ही जोडी कशी जमली ते कळतं.

शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१२ साली हृदयाच्या रोहिणीत रक्ताची गुठळी अडकून येणाऱ्या झटक्याचं वर्णन केलं आणि रुग्णाला पूर्ण विश्रांतीचा सल्ला दिला. पुढची चाळीसेक वर्षं तो सल्ला जवळजवळ कायद्यासारखा पाळला गेला. चार ते सहा आठवडे रुग्ण खाटेला खिळलेला. हेतू चांगलाच होता, की जखमी हृदयावर ताण पडू नये. पण सतत पडून राहिल्यानं पायांतल्या शिरांत रक्त साकळायचं, त्याची गुठळी फुफ्फुसात जायची आणि झटक्यातून वाचलेला माणूस विश्रांतीनं दगावायचा.

बोस्टनचे डॉ. सॅम्युअल लेव्हाइन आणि त्यांचे तरुण सहकारी डॉ. बर्नार्ड लाऊन यांनी ही रीत मोडली. त्यांनी ८१ रुग्णांना लवकरच खाटेवरून उठवून आरामखुर्चीत बसवलं आणि १९५२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुग्णांना अपाय झाला नाही, उलट त्यांना हुरूप आला. एका साध्या खुर्चीनं केलेली ही क्रांती होती. सप्टेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना झटका आला, तेव्हा डॉ. पॉल डडली व्हाइट यांनी त्यांना हळूहळू हिंडतं-फिरतं केलं. पुढच्याच वर्षी आयसेनहॉवर पुन्हा निवडून आले. झटका म्हणजे आयुष्य संपलं, ही समजूत तिथं बरीच ढिली झाली.

मात्र रुग्ण उठला, तसं त्याच्या अंगावर कामही आलं. डोरोथिया ओरेम या अमेरिकन परिचर्यातज्ज्ञांनी १९७१ च्या आपल्या ग्रंथात ‘स्वतःची काळजी स्वतः घेणं’ हा विचार पद्धतशीरपणे मांडला. दीर्घकाळच्या आजारात डॉक्टर भेटणार महिना-दोन महिन्यांतून एकदा. मधले सगळे दिवस रुग्णाचेच.

हार्ट फेल्युअरचंच पाहा. नावावरून हृदय बंद पडल्यासारखं वाटतं, पण तसं नसतं. त्यात हृदयाचा पंप दुबळा पडतो आणि अंगात पाणी साठू लागतं. पाय सुजण्याआधी, धाप लागण्याआधी ते पाणी बऱ्याचदा वजनकाट्यावर दिसतं. म्हणून रोज सकाळी वजन करायचं. तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वाढलं तर डॉक्टरांना लगेच कळवायचं. मीठ जपून खायचं, गोळ्या वेळेवर घ्यायच्या, झेपेल तेवढं चालायचं. यात अवघड काहीच नाही. अवघड आहे ते रोज करणं, तेही बरं वाटत असताना. कळतं पण वळत नाही, अशातली गत. आणि न वळण्याची किंमत म्हणजे पुन्हा रुग्णालय.

खेळ आला तो इथं, पण आधी मुलांच्या आजारांत. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या राया सिस्टिम्स या कंपनीनं मधुमेही मुलांसाठी ‘पॅकी अँड मार्लन’ हा दोन हत्तींचा गेम काढला. हत्तीची साखर सांभाळली नाही तर डाव बुडतो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ५९ मुलांच्या चाचणीत सहा महिने हा गेम खेळलेल्यांच्या डॉक्टरांकडच्या तातडीच्या भेटी ७७ टक्क्यांनी घटल्या. चाचणी लहान होती, पण वाट दिसली. पुढं कर्करोग झालेल्या तरुणांसाठी ‘री-मिशन’ आला. २००८ साली त्याच्या ३७५ जणांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तो खेळणाऱ्यांनी औषधं अधिक नियमित घेतली होती.

वयस्कांसाठी दार उघडलं ते निन्टेन्डोच्या ‘वी’ या यंत्रानं, २००६ मध्ये. हातातला रिमोट खरोखर हलवायचा, की पडद्यावर टेनिस किंवा बोलिंग सुरू. स्वीडनमधल्या लिनशॉपिंग विद्यापीठाच्या टिनी यार्स्मा आणि सहकाऱ्यांनी हेच यंत्र हार्ट फेल्युअरच्या रुग्णांच्या घरी दिलं. युरोपातले देश, इस्रायल आणि अमेरिका मिळून ६०५ रुग्ण, सरासरी वय ६७. तीन महिन्यांनी सहा मिनिटांत कोण किती चालतं ते मोजलं. २०२१ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा, की गेम मिळालेला गट आणि नुसतंच चालण्या-फिरण्याचं प्रोत्साहन मिळालेला गट यांच्यात लक्षणीय फरक नव्हता.

काही जण याला अपयश म्हणतील. मला ते तसं वाटत नाही. चांगलं यंत्र घरात आलं म्हणजे सवय लागते, या भाबड्या आशेला या निकालानं चाप लावला, आणि आपुलकीनं दिलेलं साधं प्रोत्साहन किती मोलाचं आहे तेही दाखवलं. शिवाय इथं खेळ होता तो केवळ व्यायामाचा. वजनकाट्याशी त्याचा संबंध नव्हता. तो संबंध जोडण्याचं काम टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या कविता राधाकृष्णन यांनी हाती घेतलं. त्यांच्या गेममध्ये खरा वजनकाटा आणि पावलं मोजणारं यंत्र खेळाला जोडलेलं आहे. प्रत्यक्षात वजन केलं, चाललं, तरच पडद्यावर पुढं सरकता येतं. म्हणजे खेळ हा व्यायामाची जागा घेत नाही; रोजच्या कंटाळवाण्या कामाला आजच्या आज मिळणारं बक्षीस जोडतो.

हेरिकच्या काळी रुग्णानं काहीही करायचं नाही, हा उपचार होता. आज बरंच काही त्यानंच करायचं आहे. ही सुधारणा खरी. पण तिच्यात एक धोकाही आहे. ज्याला जमलं नाही त्याला ‘तुम्हीच हयगय केलीत’ म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे. खेळ रचणाऱ्यांनी निदान हे मान्य केलं, की कंटाळा हा रुग्णाचा गुन्हा नाही, तो आजाराच्या व्यवस्थेतला एक प्रश्न आहे. त्याचं उत्तर कधी पडद्यावर सापडेल. कधी रोज सकाळी ‘आज वजन किती भरलं?’ असं विचारणाऱ्या घरातल्या माणसाकडे.