सांगायला आले, शिकत राहिले



घरदार सोडून परमुलखात देवाचे नाव सांगत हिंडणारा माणूस आपल्या परभणीच्या मातीला नवा नाही. संत नामदेवांचे नरसी गाव १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. नामदेव पंजाबात गेले, गुरदासपूरकडच्या घुमान गावी राहिले, आणि त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरु ग्रंथसाहेबात आहेत. आता एक गोष्ट ध्यानात घ्या. ती पदे आपल्या अभंगांसारखी मराठीत नाहीत. तिकडच्या लोकांना कळेल अशा बोलीत आहेत. म्हणजे नामदेवांनाही सांगण्याआधी तिकडच्या लोकांचे ऐकावे लागले असणार.

आज मी ज्यांची हकीगत सांगणार आहे ते मात्र उलट वाटेने, म्हणजे सातासमुद्रांपलीकडून, आपल्याकडे आले. त्यांना आपण पाद्री म्हणतो, मिशनरी म्हणतो. त्यांनी किती लोक बाटवले, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. पण परक्या देशात त्यांचा दिवस कसा जाई, आणि तिथे राहून ते स्वतः किती बदलले, हे आपण सहसा विचारीत नाही. तेच आज पाहू.

१८१२ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेतून काही तरुण जोडपी आणि गॉर्डन हॉल नावाचा एक सडा तरुण हिंदुस्थानात यायला जहाजावर चढले. शिडाचे जहाज, वाऱ्याच्या मर्जीवर चालायचे. काही महिन्यांनी ते कलकत्त्यास पोचले, तर कंपनी सरकार म्हणाले, चालते व्हा! इंग्रजांचे राज्य ख्रिस्ती खरे, पण पाद्रींमुळे रयत बिथरेल आणि व्यापार बुडेल, ही कंपनीला धास्ती. त्यांच्यातल्या हॅरिएट न्यूएल या मुलीला नवऱ्याबरोबर मॉरिशस बेटाकडे निघावे लागले. प्रवासात मूल जन्मले आणि गेले. १८१२च्या नोव्हेंबरात तीही गेली. वय अवघे एकोणीस. धर्म सांगायला निघालेल्या त्या पोरीला कोणाशी चार शब्द बोलण्याचीही संधी मिळाली नाही.

हॉल आणि त्याचा सोबती नॉट १८१३च्या फेब्रुवारीत मुंबईस आले. तिथेही परत पाठवण्याचा हुकूम होताच. पण त्याच वर्षी विलायतेत कंपनीची सनद बदलली, पाद्रींना येण्याची मोकळीक झाली, आणि हे लोक टिकले.

आता दिवस सुरू झाला तो विद्यार्थ्याचा! अमेरिकेत शिकून पंडित झालेला हा माणूस मुंबईत पुन्हा ‘अ आ इ ई’ला बसला. मराठीचा मोठा कोश हाताशी नव्हता. केरीसाहेबाचे व्याकरण १८०५चे आणि लहानसा कोश १८१०चा. मोल्सवर्थचा भरदार कोश निघायला १८३१ साल उजाडावे लागले. म्हणून पंडितापुढे बसायचे, शब्द घोकायचे, आणि मग बाजारात, रस्त्यावर, देवळापुढच्या गर्दीत जाऊन त्याच शब्दांची परीक्षा द्यायची. कोणी ऐके, कोणी हसे, कोणी उलट सवाल करी. आणि सवाल करणारांचा काय दोष? दाराशी येऊन कोणी आपल्या देवाला खोटे म्हणू लागला, तर आपण तरी मुकाट्याने ऐकून घेऊ का?

नॉट आजारी पडून १८१५ साली परत गेला. हॅरिएटचा नवरा सॅम्युएल न्यूएल पुढे मुंबईस आला, पण १८२१ साली पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, वारला. रोज बोलून फळ काय आले? १८१९ साली पहिला मनुष्य त्यांच्या धर्मात आला, तो हैदराबादकडून आलेला एक मुसलमान गृहस्थ. पुढेही बरीच वर्षे असे लोक बोटांवर मोजावे इतकेच.

मग हे लोक करीत काय होते? त्यांनी शाळा काढल्या. पहिली मराठी शाळा १८१५ची. शिकवणार कोण? आपलेच पंतोजी! ते ख्रिस्ती नव्हते, पगारावर ठेवलेले. त्या काळी गावठी शाळेत मुले पाटीवर धूळ पसरून अक्षरे गिरवीत, पाढे-पावकी घोकीत, मोडी वाचायला शिकत. छापील पुस्तक मुलाच्या हाती येणे ही नवलाई होती. पाद्रींचा हेतू आपले धर्मपुस्तक वाचवून घेण्याचा. आईबापांचा हेतू पोराला अक्षर यावे, हिशेब यावा. दोघांचे हेतू निराळे, पण शाळा चालली! १८२४ साली मुलींचीही शाळा निघाली.

छापखान्याची गोष्ट तर याहून गमतीची आहे. १८१७ साली त्यांच्या छापखान्यातून मराठी छपाई सुरू झाली. मराठी ‘नवा करार’ छापून पुरा व्हायला १८२६ उजाडले. पण हे यंत्र डोळे उघडे ठेवून पाहणारा एक मराठी माणूस होता, गणपत कृष्णाजी. त्याने स्वतःच्या अकलेने छापखाना उभारला आणि १८३१ साली छापले काय, तर पंचांग! पुढे याच मिशनच्या छापखान्यात जावजी दादाजी नावाचा गरीब पोरगा लहानपणी कामाला लागला, खिळे पाडण्याची कला शिकला, आणि त्याने निर्णयसागर छापखाना काढला. त्या छापखान्याच्या सुबक संस्कृत पोथ्या देशभर गेल्या. म्हणजे बघा, बायबल छापायला आणलेल्या विद्येतून आपल्याकडे पंचांग आणि पोथी घरोघर पोचली. पाद्रींनी हे मनात योजले होते का? मुळीच नाही.

या दिवसांची किंमतही सांगितली पाहिजे. १८२५ साली हॉलची बायको दोन मुलांना घेऊन अमेरिकेस निघाली. त्यातले एक मूल वाटेत समुद्रावरच गेले. हॉल एकटा मागे राहिला. १८२६च्या मार्चात तो नाशिक-त्र्यंबककडे फिरतीवर होता. तिकडे पटकीचा कहर चालू होता. जवळची बहुतेक औषधे त्याने आजाऱ्यांना वाटून टाकली. परतीच्या वाटेवर एका खेड्यात तो देवळाच्या आश्रयाला उतरला, तिथेच त्याला पटकीने गाठले, आणि २० मार्चला त्याचा अंत झाला. वय एकेचाळीस. ज्या देवळांविरुद्ध तो तेरा वर्षे बोलला, त्याच देवळाने त्याला अखेरचा निवारा दिला. मराठी माणसाचे दार बंद नव्हते, हे यातून दिसते.

त्यानंतर १८२७ साली सिंथिया फरार नावाची एक अविवाहित बाई आली. आधी मुंबईस, मग १८३९पासून नगरास, तिने मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ साली नगरासच देह ठेवला. पस्तीस वर्षे! जोतीराव फुल्यांनी नगरास जाऊन तिची शाळा पाहिली, आणि १८४८ साली पुण्यात स्वतःची मुलींची शाळा काढली. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी शाळा घेतली आणि तिला आपला अर्थ दिला.

याच्या शेजारी एक उलट उदाहरण ठेवतो. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा मॉर्मन पंथाचा प्रचारक मुंबईस आला, मग पुण्यास गेला. त्याचे ऐकणारे बहुतेक इंग्रजी जाणणारे, विशेषतः छावणीतले गोरे शिपाई. लष्करी अंमलदारांनी त्याला छावणीत मज्जाव केला. १८५५ साली तो निघून गेला. कष्ट त्यानेही काढले. पण मराठी मुलखात त्याची खूण उरली नाही. माणूस किती तळमळीचा आहे एवढ्यावर भागत नाही. तो कोणाच्या भाषेत, कोणाच्या गरजेला उभा राहिला, हे महत्त्वाचे.

पण चित्राची दुसरी बाजू झाकू नये. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय बारा-तेरा, पाद्रींकडे राहू लागला. बापाने कोर्टात धाव घेतली, मुलगा परत मिळाला. पण जात त्याला घेईना! बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला घरी आणण्याचा पक्ष घेतला, तर लोक त्यांच्यावरच उलटले. एका पोरासाठी घर, कोर्ट आणि जात अशी तीन ठिकाणी ओढाताण झाली. धर्मप्रचाराचा हा घाव घरातल्या माणसांना लागतो, तो इतिहासाने विसरू नये. १८५७ साली विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी पाद्रींशी जाहीर वाद घालू लागले, ते उगीच नव्हे.

तोच नारायण शेषाद्री पुढे पाद्री होऊन आपल्या शेजारी जालन्यास आला. तेव्हा हा सारा मुलूख निजामाचा. जालन्याजवळ सालारजंगाच्या दिवाणगिरीत मिळालेल्या जमिनीवर त्याने बेथेल नावाचे गाव वसवले. तिथे आले ते मुख्यतः महार-मांग समाजातले लोक. ते का आले? ज्याला गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते, त्याला आपले म्हणावे असे गाव मिळत होते. तेव्हा पाद्री वाईट की चांगला, हे ठरवण्याआधी आपल्या वेशीबाहेर कोण उभा होता, तेही विचारले पाहिजे.

गुरुजनहो, शेवटी तुमच्यासाठी एक शब्द. तुमची बदली परक्या तालुक्यात होते. एखाद्या तांड्यावर, वाडीवर जाता. तिथल्या मुलाची बोली पुस्तकातली नसते. त्याच्या आईबापांना शाळेकडून काय हवे असते, ते तुमच्या परिपत्रकात लिहिलेले नसते. गॉर्डन हॉलचे प्रवचन लोकांनी घेतले नाही. अक्षर घेतले, खिळा घेतला, मुलीची शाळा घेतली. लोक आपल्या गरजेचे तेवढे उचलतात, बाकीचे नम्रपणे दारातच ठेवतात. म्हणून पहिले काही महिने तुम्हीच त्या वाडीचे विद्यार्थी व्हा. मुलांची बोली कानांवर पडू द्या, आणि मग फळ्याकडे वळा.