दूरच्या वाहनाचा क्रमांक टिपणारा कॅमेरा निवडताना

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील नृसिंहवाडीत पौर्णिमेला व दत्तजयंतीला परगावच्या वाहनांची रीघ लागते. घरासमोर धडक देऊन पसार झालेले वाहन कोल्हापूरचे (एमएच ०९), सांगलीचे (एमएच १०) की चिकोडीकडचे (केए २३), हे नंबरप्लेटवरूनच कळते. घरगुती कॅमेऱ्यात मात्र अनेकदा गाडी दिसते, क्रमांक वाचता येत नाही.

लेन्स : दोष बहुधा मेगापिक्सेलचा नसून लेन्सचा असतो. मोटारीची नंबरप्लेट ५०० मिलिमीटर रुंद असते. ती वाचण्यासाठी तिच्या रुंदीला सुमारे १०० पिक्सेल मिळावेत. दोन मेगापिक्सेलच्या सर्वसाधारण कॅमेऱ्याची २.८ मिमी लेन्स २० मीटरवर सुमारे ४० मीटर रुंदीचे दृश्य टिपते. प्लेटच्या वाट्याला जेमतेम २४ पिक्सेल येतात. १२ मिमी लेन्स त्याच अंतरावर सुमारे ९ मीटरच टिपते, पण १०० पिक्सेल मिळतात.

शटर : ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाच्या तिसाव्या भागात ३७ सेंटिमीटर सरकते आणि अक्षरे पुसट होतात. शटरचा वेग निदान १/५०० सेकंद ठेवता यावा.

रात्र : हेडलाइटच्या झोतात प्लेट हरवते. वेगवान शटरला इन्फ्रारेड प्रकाशाची जोड दिल्यास झोत मंदावतो व परावर्तक प्लेट उजळते.

जागा : वाहनाच्या दिशेशी कॅमेऱ्याचा कोन ३० अंशांच्या आत असावा. २००५, २०१९ व २०२१ चे महापूर पाहता रेकॉर्डर वरच्या मजल्यावर ठेवणे इष्ट.

अरुंद दृश्यात बाकीचा परिसर येत नाही. त्यामुळे अंगणासाठी एक आणि क्रमांकासाठी दुसरा, असे दोन कॅमेरे घेणेच श्रेयस्कर.