आखाड्याचा अभ्यासक्रम

मी अकोल्याचा. आमच्याकडे व्यायाम म्हणजे पहाटे उठून मनात येतील तेवढे जोर मारायचे. पुण्यात नोकरीला लागल्यावर तसाच धावत सुटलो. तिसऱ्या महिन्यात गुडघा सुजला. घरी बसल्यावर शेजारच्या अमरावतीचा इतिहास वाचायला घेतला.

१९१४ साली अंबादासपंत आणि अनंत वैद्य या भावांनी तिथे हनुमान आखाडा काढला. त्याचंच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. आखाडे तर गावोगावी होतेच. पण बरीचशी विद्या उस्तादाच्या अंगात असायची. उस्ताद गेला की तीही जायची. एकाच्याच डोक्यात असलेल्या कोडचं काय होतं, हे आम्हा इंजिनिअरांना वेगळं सांगायला नको. मंडळाने मल्लखांब, कुस्ती, लेझीम यांचं रीतसर प्रशिक्षण सुरू केलं आणि ते पुढे शिकवणारे शिक्षक घडवले. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तिथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. वऱ्हाडातल्या आखाड्यापासून बर्लिनपर्यंतच्या त्या बावीस वर्षांत अंगमेहनत होतीच, पण शिस्तीची आखणीही होती.

आता मी आठवड्याचं वेळापत्रक वहीत लिहितो. अंतर हळूहळू वाढवतो. विश्रांतीचा दिवसही त्यात लिहिलेला असतो, आणि तो पाळणंच सगळ्यात जड जातं.