मुल्की : एका सर्फगावाच्या आस्वादाचे विवेचन

कळंगुटला माणूस भर दुपारी पोचला तरी त्याचे फारसे बिघडत नाही. वाळू, पाणी आणि तळलेले मासे जागच्या जागी असतात. सर्फगावात मात्र ज्या वस्तूसाठी जायचे ती वस्तू, म्हणजे फळीवर उभे राहून पेलता येईल अशी लाट, दिवसातले काही तासच हजर असते आणि वर्षातले काही महिने तर नसतेच. म्हणून अशा गावाच्या आस्वादाचा विचार वेळेपासून सुरू करावा लागतो. हॉटेल कोणते, बीच कोणता हे प्रश्न नंतरचे. या विवेचनासाठी कर्नाटकातले मुल्की घेतले आहे, कारण मराठी वाचकाला ते रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर आहे आणि नवशिक्याला सोसवणारे आहे.

मुल्की मंगळूर आणि उडुपी यांच्या मधल्या किनाऱ्यावर, शांभवी नदीकाठी वसले आहे. जवळच्या ससिहित्लू येथे शांभवी आणि नंदिनी एकत्र होऊन समुद्राला मिळतात. जॅक हेबनर या अमेरिकन कृष्णभक्ताने, ज्याला सगळे ‘सर्फिंग स्वामी’ म्हणतात, 2004 साली इथल्या आपल्या आश्रमातून मंत्रा सर्फ क्लब सुरू केला आणि भारतातल्या सर्फिंगला पहिले ठाणे मिळाले. सर्फिंग फेडरेशन ऑफ इंडिया 2011 साली स्थापन झाली, आणि 2016 च्या मेअखेरीस ससिहित्लूला इंडियन ओपन ऑफ सर्फिंग ही स्पर्धा भरली. स्पर्धेसाठी मेअखेर निवडण्यामागे कारण आहे. ते समजायला लाट कुठून येते हे पाहावे लागेल.

किनाऱ्यावर फुटणारी चांगली लाट किनाऱ्यावर जन्मत नाही. दक्षिण गोलार्धात चाळीस अक्षांशांच्या पलीकडे हिंदी महासागरावर जवळजवळ अखंड वादळी वारे वाहतात. त्यांनी ढवळलेल्या पाण्यातून निरनिराळ्या लांबीच्या लाटा निघतात. लांब लाटा वेगाने पुढे जातात, आखूड मागे रेंगाळून विरतात. दोन लाटांमध्ये चौदा सेकंदांचे अंतर असलेला लाटांचा जथा खोल समुद्रात ताशी चाळीसेक किलोमीटरने सरकतो, म्हणजे सहा हजार किलोमीटर कापून आपल्याकडे यायला त्याला सहा-सात दिवस लागतात. उत्तरेकडच्या उन्हाळ्यात तिकडे हिवाळा असतो आणि वादळे जोरात असतात. म्हणून मे महिन्यात इथल्या लाटेत दम येतो. जूनमध्ये त्यावर मान्सूनच्या स्थानिक वाऱ्याची खळबळ चढते आणि सगळा पोत बिघडतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात वारा पडतो पण लाट उरते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी नितळ, लाट बुटकी. तज्ज्ञाला हे महिने कंटाळवाणे वाटतील. पहिल्यांदा फळीवर पोट टेकणाऱ्याला याहून चांगले दिवस नाहीत.

आलेली लाट कशी फुटेल ते तळ ठरवतो. लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वापट खोलीचे पाणी लागले की तिचा पाया अडखळतो, माथा पुढे झुकतो आणि ती फुटते. बालीतल्या उलुवातूला हा तळ प्रवाळाचा आहे, श्रीलंकेच्या अरुगम बे येथे भूशिराला वळसा घालणारा आहे. दोन्हीकडे लाट ठरल्या जागी फुटते आणि म्हणून तिची कीर्ती होते. मुल्कीला तळ वाळूचा. नदी वाळू आणून मुखाशी दांडे घालते, समुद्र ते हलवतो, आणि गेल्या मोसमात जिथे सुरेख लाट होती तिथे या मोसमात नुसता फेस असू शकतो. ससिहित्लूचा किनारा तर धूप होऊन बराच खचला आहे. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या मित्राने सांगितलेली जागा हा पुरावा धरू नये. ताजी माहिती तिथेच विचारावी. वाळूचा फायदा एवढाच, पण तो मोठा आहे, की पडले तर गुडघे सोलवटत नाहीत.

आता वारा. याच्याकडे पाहुणे सर्वांत कमी लक्ष देतात, आणि माझ्या मते निम्मा आनंद इथेच गमावतात. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि पहाटे मतलई वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहतो. तो येणाऱ्या लाटेला समोरून भिडतो, तिचा माथा सावरून धरतो, आणि लाट गुळगुळीत राहून सावकाश फुटते. सूर्य वर चढला, जमीन तापली, की खारा वारा उलट दिशेने सुटतो. मग तीच लाट पाठीमागून ढकलली जाऊन विस्कटते. हा बदल साधारणपणे दुपार होण्याआधीच होतो. थोडक्यात, रात्री दोनपर्यंत गप्पा मारून दहाला न्याहारी करणाऱ्याने सर्फगावाचे पैसे भरले आणि पाहिला मात्र साधा बीच.

भरती-ओहोटीचे गणित कोकणातल्या माणसाला नवे नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा ठोकळ तास मिळतो : अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. हा आडाखा मुंबई-रत्नागिरीकडचा. भरतीची लाट पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, तेव्हा मुल्कीला ती त्याआधी येते. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढते-उतरते. मंगळूरच्या बाजूला हा फरक दीड मीटरच्या आसपास राहतो, म्हणून उधाणाचा धाकही कमी. ऐन ओहोटीला वाळूच्या दांड्यावर लाट एकदम आदळते, ऐन भरतीला ती काठाशी येऊन फुटते. शिकणाऱ्याला मधले, चढते पाणी हवे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास असे पाणी स्थूलमानाने सकाळी सात-आठला मिळते, म्हणजे मतलई वारा अजून असताना. रजा टाकताना पंचांग पाहणारा माणूस इथे हसण्याचा विषय होत नाही.

पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटे काठावर उभे राहावे. दोन लाटांमधले सेकंद मोजावेत. सहा-सात भरले तर ती जवळच्या वाऱ्याची उपज. बारा-चौदा भरले तर लांबून आलेली, आकाराने लहान दिसली तरी ताकदीची. मोठ्या लाटा चार-पाचच्या घोळक्याने येतात आणि मध्ये उसंत असते. आत जायचे ते त्या उसंतीत. तेवढ्यात एक पट्टा दिसेल जिथे लाट फुटतच नाही, पाणी जरा गडद आणि शांत आहे. नवखा नेमका तिथेच उतरतो. काठावर चढलेले पाणी परत समुद्रात जाण्याची ती वाट असते. सापडलात तर काठाकडे पोहून दमू नये. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर यावे आणि मग लाटेबरोबर परतावे. नदीमुखाशी ओहोटीच्या वेळी ही ओढ फार वाढते, तिथे पोहणेच टाळावे. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेचे लाटांचे इशारे रोज पाहण्याची सवय ठेवावी.

बोर्ड आठ-नऊ फुटी, वरून मऊ असलेला घ्यावा. छोटा, टोकदार बोर्ड फोटोपुरता बरा. पहिल्या दिवशी बहुतेकांची चूक एकच : छाती फार पुढे ठेवतात, बोर्डाचे नाक पाण्यात घुसते आणि माणूस त्यावरून पलटी खातो. वीतभर मागे सरकले की फरक पडतो. उभे राहताना नजर पायांकडे गेली तर पडणार हे नक्की. बोर्ड कधीही आपण आणि लाट यांच्या मध्ये धरू नये, तोच तोंडावर येतो. आणि लाट ज्या जागी प्रथम फुटते तिच्या सर्वांत जवळ जो असेल, ती लाट त्याची. जगभर पाळला जाणारा हा नियम रिसॉर्टच्या माहितीपत्रकात सहसा नसतो. याहून वरचा हक्क किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांचा. जाळे पाण्यात असेल तर दूर जावे आणि तक्रार करू नये.

अकरानंतरचा दिवस गावाचा. मुल्कीत तुळू, कोंकणी, ब्यारी, कन्नड अशा भाषा एका बाजारात ऐकू येतात. वेंकटरमण मंदिर ज्या गौड सारस्वतांचे, त्यांचे पूर्वज गोव्याहून इकडे आले. बप्पनाडूच्या दुर्गापरमेश्वरी देवळाची कथा बप्पा नावाच्या मुसलमान व्यापाऱ्याशी जोडलेली आहे आणि रथोत्सवातला त्या घराण्याचा मान अजून चालतो. न्याहारीला नीर दोसा, जो आपल्या घावनाचा पातळ भाऊ, आणि केळ्याचे मंगळुरी बन्स, जेवायला बांगडा. संध्याकाळी उत्तरेला कापूचे 1901 सालचे दीपगृह गाठावे. नोव्हेंबर ते मे यांपैकी महिना असेल तर कुठल्या शेतात रात्री यक्षगान आहे ते विचारावे, पण मग दुसऱ्या दिवशीच्या पहाटेवर पाणी सोडावे लागते.

राहता राहिला पावसाळा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. ज्यांचे पोट समुद्रावर आहे तेही तेव्हा काठावर थांबतात. या दिवसांत गाव हिरवेगार असते, घराघरांत पत्रोडे होतात, समुद्र बघण्यासारखा असतो. जरूर जावे. बोर्ड मात्र मागू नये. आणि नवशिक्याला अशा पाण्यात कोणी तो भाड्याने देत असेल, तर त्याच्याकडून ऑक्टोबरातही घेऊ नये.