पिवळ्या कंठाची चिमणी

देवळाच्या चौकात खेळणारे मूल एखाद्या पाखराकडे बोट दाखवून 'हे कोणते?' असे विचारते, तेव्हा आपण वडीलधारी माणसे बहुधा दोनच उत्तरे देतो. एक तर मनाला येईल ते नाव ठोकून देतो, नाही तर 'अभ्यासाला बैस' म्हणून त्याची बोळवण करतो. या दोहोंखेरीज तिसरेही एक उत्तर आहे. आणि त्यातूनच आपल्या देशास एक थोर पक्षिशास्त्रज्ञ लाभला.

सालिम अली यांचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. आईबापांचे छत्र बालपणीच हरपल्यामुळे ते खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढले. मामा शिकारीचे शौकीन. त्यांनी भाच्याच्या हाती छऱ्यांची बंदूक दिली होती. दहा-बारा वर्षांच्या या मुलाने एके दिवशी एक चिमणी पाडली. पाहतो तो तिच्या कंठावर पिवळा डाग! ही कोणती चिमणी, असे त्याने मामांस विचारले. मामांना ते ठाऊक नव्हते, आणि आपले अज्ञान त्यांनी लपविलेही नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद चिटणीस मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी देऊन त्यांनी मुलास तिकडे धाडले.

मुलगा बिचकतच साहेबाच्या कचेरीत शिरला. मिलार्ड यांनी पक्षी ओळखला. पण तेवढ्यावर न थांबता कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले नाना जातींचे पक्षी त्याच्यासमोर मांडले. एका प्रश्नाच्या पोटी शेकडो प्रश्न जन्मास आले.

पुढचा मार्ग मात्र सरळ नव्हता. कॉलेजचे शिक्षण अर्धवट राहिले. घरच्या धंद्यासाठी ब्रह्मदेशात जावे लागले. विद्यापीठाची पदवी पदरी नाही म्हणून नोकरीचे दार बंद झाले. पुढे मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात जागा मिळाली. तेथून बर्लिनला जाऊन प्रा. श्ट्रेझमान यांच्या हाताखाली त्यांनी पक्षिशास्त्राचे धडे घेतले. पण १९३० मध्ये परतले तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली. तेव्हा ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि तेथे सुगरण पक्ष्याच्या घरट्यांसमोर ठाण मांडून बसले.

ऐकीव गोष्ट पुराव्यात धरू नये, हे आम्हां वकिलांस पहिल्याच वर्षी शिकवितात. 'सुगरण' या नावावरून तो सुबक खोपा मादीच विणते, असे आपण पिढ्यान् पिढ्या धरून चाललो. सालिम अलींनी मात्र प्रत्यक्ष पाहिले. नर अनेक घरटी अर्धी विणून ठेवतो. माद्या येऊन ती पारखतात. एखादीने पसंत केले की तो ते पुरे करतो आणि ती अंडी घालू लागताच दुसऱ्या घरट्याकडे वळतो. १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. नोकरी गेलेल्या माणसाने रिकामा वेळ असा सत्कारणी लावला!

त्यानंतर प्रवास व मुक्काम यांच्या खर्चापुरतेच पैसे घेऊन, विनावेतन, त्यांनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सुप्रसिद्ध पुस्तक निघाले. १९६४ ते १९७४ या काळात अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९८५ साली, नव्वदीच्या उंबरठ्यावर, त्यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले, तेव्हा त्याच्या नावातही ती पडलेली चिमणी होतीच. १९८७ मध्ये ते निवर्तले.

मांडवीत, रायबंदरासमोर, चोडण बेटाच्या टोकास खारफुटीचे एक लहानसे रान आहे. १९८८ पासून ते पक्ष्यांसाठी राखले असून त्यास सालिम अलींचेच नाव आहे. फेरीतून उतरताना एखादे मूल पाण्याकाठच्या पाखराचे नाव विचारील. आपणांस ते ठाऊक नसेल, तर तसे मोकळेपणी सांगावे आणि 'चल, ज्यास ठाऊक आहे त्यास विचारू' असे म्हणून त्याचा हात धरावा. मामांनी तरी याहून अधिक काय केले होते?