पडद्यावरील भिंत आणि भिंतीवरील तारका : चित्रपटातील छायाचित्रांचा इतिहाससाधन म्हणून विचार

प्रास्ताविक

चित्रपटाचा अभ्यास करताना आपले लक्ष कथानक, अभिनय व संगीत यांकडे जाते. पात्राच्या पाठीमागील भिंतीवर काय टांगले आहे, याकडे क्वचितच जाते. वास्तविक कॅलेंडर, तसबीर, भित्तिपत्रक आणि खऱ्या नटनट्यांची छायाचित्रे या नेपथ्यातील वस्तू त्या काळाच्या मूक साक्षीदार असतात. प्रस्तुत निबंधात या साधनाचे मोल व त्याच्या मर्यादा यांचा थोडक्यात विचार केला आहे.

पाश्चात्त्य उदाहरणे

‘सनसेट बुलेव्हार्ड’ (१९५०) या बिली वाइल्डर यांच्या चित्रपटात विस्मृतीत गेलेल्या नटीचे घर तिच्याच छायाचित्रांनी भरलेले दिसते. ती भूमिका करणाऱ्या ग्लोरिया स्वॉन्सन या स्वतः मूकपटयुगातील तारका असल्याने ही छायाचित्रे त्यांच्या प्रत्यक्ष कारकिर्दीतीलच आहेत. येथे नेपथ्य आणि चरित्र यांतील सीमारेषा पुसली जाते. व्हित्तोरिओ डी सिका यांच्या ‘बायसिकल थीव्ज’मध्ये (१९४८) नायक रिटा हेवर्थ हिचे भित्तिपत्रक भिंतीवर चिकटवीत असतानाच त्याची सायकल चोरीस जाते. युद्धोत्तर रोममधील दारिद्र्य आणि हॉलिवुडचे वैभव एकाच चौकटीत आणण्याचे काम ते भित्तिपत्रक करते.

मराठी उदाहरण : ‘ब्रह्मचारी’ (१९३८)

मराठीत या संदर्भात सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे हंस पिक्चर्सचा ‘ब्रह्मचारी’ होय. आचार्य अत्रे यांची कथा आणि मास्टर विनायक यांचे दिग्दर्शन व प्रमुख भूमिका लाभलेल्या या विनोदी चित्रपटातील औदुंबर ब्रह्मचर्यावरील व्याख्यान ऐकून भारावतो, आपल्या संग्रहातील नटनट्यांची चित्रे टाकून देतो आणि व्यायामास लागतो. पुढे मीनाक्षी शिरोडकर यांनी साकारलेल्या किशोरीच्या सहवासात त्याचा निर्धार डळमळू लागतो.

या प्रसंगातून इतिहासाच्या अभ्यासकाला काय मिळते? विनोद यशस्वी होण्यासाठी त्यातील संदर्भ प्रेक्षकाला आधीपासून ठाऊक असावा लागतो. भारतीय बोलपट १९३१ मध्ये सुरू झाला. त्यानंतर अवघ्या सात वर्षांत, तरुणाच्या खोलीत नटनट्यांची चित्रे असणे ही गोष्ट मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावी लागत नव्हती, असे अनुमान काढता येते. दुसरे असे की, अत्रे यांच्या उपहासाचा रोख चित्रांवर नसून ती टाकून देणाऱ्या उसन्या वैराग्यावर आहे. १९४१ मध्ये लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. भारतीय तारकेचा मुखडा आता घरगुती वापराच्या वस्तूशीही जोडला गेला.

बदलती दृष्टी

हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘गुड्डी’त (१९७१) हाच मोह वेगळ्या रीतीने हाताळला आहे. शाळकरी नायिका धर्मेंद्रच्या प्रतिमेच्या आहारी गेली आहे. तेथे प्रतिमा टाकून देण्याचा उपदेश कोणी करीत नाही. उत्पल दत्त यांनी रंगवलेला प्राध्यापक तिला चित्रीकरणामागील कष्टांचे दर्शन घडवितो. त्यागाऐवजी ज्ञान, हा त्या दोन चित्रपटांमधील फरक आहे. सई परांजपे यांच्या ‘चश्मेबद्दूर’मध्ये (१९८१) चित्रांनी मढवलेली खोली ही केवळ तरुणांच्या स्वभावाची खूण उरते. ‘स्लमडॉग मिलियनेअर’मध्ये (२००८) मात्र अमिताभ बच्चन यांचे छायाचित्र उंच धरून मैल्यातून बाहेर येणारा मुलगा दिसतो. तेथे छायाचित्र ही त्याची एकमेव संपत्ती आहे.

साधनाच्या मर्यादा

चित्रपटातील भिंत ही कलादिग्दर्शकाने रचलेली असते, हे विसरून चालणार नाही. तिच्यावरील छायाचित्र चित्रीकरणापूर्वी उपलब्ध होते, एवढेच निश्चितपणे सिद्ध होते. समकालीन चित्रपट आणि मागाहून काढलेला काळपट यांत म्हणूनच भेद करावा लागतो. पहिल्यात काळ नकळत उमटतो, दुसऱ्यात तो जाणीवपूर्वक मांडला जातो. नितीन देसाई यांनी २००५ मध्ये रायगड जिल्ह्यातच, कर्जतजवळ उभारलेला स्टुडिओ अशा मांडणीचे ठळक उदाहरण आहे.

रायगड किनाऱ्याचा संदर्भ

१९८१ पूर्वी कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याचा किनारा मुंबईशी जलमार्गाने जोडलेला आहे. ‘अग्निपथ’मध्ये (१९९०) नायकाचे गाव म्हणून मांडव्याचे नाव देशभर पोहोचले. पडद्याने किनाऱ्याचे नाव उचलले. पण किनाऱ्यावरील घरांनी, केशकर्तनालयांनी आणि खाणावळींनी पडद्यावरील कोणते चेहरे भिंतीवर लावले, याची नोंद करणे अद्याप अगत्याचे आहे. खारी दमट हवा कागदाची वैरी आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले तेव्हा असंख्य घरांची छपरे उडाली आणि पावसाचे पाणी थेट भिंतींवर आले. भिंत भिजली की तिच्यावरील कागदही जातो.

समारोप

पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून चित्रपट जतन करीत आहे. घरांच्या भिंतींचे मात्र संग्रहालय नाही. महाविद्यालयीन इतिहास व मराठी विभागांनी विद्यार्थ्यांकरवी आपल्या परिसरातील अशा जुन्या तसबिरींची, मालकांच्या संमतीने, छायाचित्रे घेऊन नोंद करवून घेतल्यास पडद्यावरील भिंतीचा पडताळा खऱ्या भिंतीशी घेता येईल. औदुंबराने टाकून दिलेली चित्रे पडद्यावर आजही पाहता येतात. आपल्या शेजारच्या घरातील चित्रे एकदा गेली की ती पाहण्याचा दुसरा मार्ग उरत नाही.