एकच भोंगा

संध्याकाळी सातला मुलुंडच्या एलबीएस रोडवर बस कशी चालते ते ठाऊक आहेच. रिक्षा आडवी, बाइक आडवी. आणि प्रत्येकाला पाहून आमचा कॅमेरा ओरडणार, "पुढचं वाहन जवळ!" शेवटी ड्रायव्हरने स्पीकरवर चिकटपट्टी लावली. ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांपैकी मीही एक, त्यामुळे राग काढायचा कुणावर?

आमचे काका लोकलचे निवृत्त मोटरमन. किस्सा ऐकून हसले. म्हणाले, "अरे, हे दुखणं रेल्वेचं आहे. जुनं."

मग वाचत बसलो. १९५२ साली लंडनजवळ हॅरो इथे मोठा अपघात झाला, ११२ माणसं गेली. त्यानंतर ब्रिटिश रेल्वेने एडब्ल्यूएस ही यंत्रणा जोरात बसवायला घेतली. रुळांमध्ये चुंबक. सिग्नल हिरवा असेल तर घंटी, नाहीतर भोंगा. भोंग्यावर ड्रायव्हरने बटण दाबलं नाही, तर ब्रेक आपोआप लागतात. मेख अशी, की एक पिवळा, दोन पिवळे आणि लाल, तिघांना भोंगा एकच! गर्दीच्या मार्गावर पिवळ्यामागून पिवळे येतात. डोकं विचार करायच्या आधीच हात बटणावर जातो.

१९ सप्टेंबर १९९७, साउथॉल. गाडीतली ही यंत्रणा बंद ठेवलेली होती. सात जण गेले. दोनच वर्षांनी, ५ ऑक्टोबर १९९९ला, त्याच मार्गावर लॅडब्रोक ग्रोव्हला यंत्रणा चालू होती. भोंगा वाजला, ड्रायव्हरने बटणही दाबलं, आणि गाडी लाल ओलांडून गेली. ३१ जण गेले. (सिग्नल नीट दिसायचा नाही, सकाळचं ऊन मागून थेट सिग्नलवर पडत होतं, ड्रायव्हर नवखा होता, हेही खरंच.)

आपल्या लोकलच्या यंत्रणेत पिवळा आणि लाल वेगळे आहेत. पिवळ्यावर बटण दाबून सुटका नाही, वेग उतरतोय का तेही पाहिलं जातं. लाल ओलांडला तर थेट ब्रेक.

हे वाचण्याआधीच मी शहाणपणा करून बसलो होतो. एका प्रकारची सूचना एकदा दिली की पुढची दहा मिनिटं ती गप्प. ऑफिसात सगळे खूश. आणि एका रात्री कसारा घाटात ड्रायव्हरचे डोळे तीनदा मिटले. कॅमेऱ्याने तिन्ही वेळा पाहिलं, पण बोलला एकदाच. क्लीनरने खांदा हलवला म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी नोंदी उघडल्या तेव्हा माझे हात गार पडले.

आता रांगत्या वेगात 'जवळ' ही सूचना बंदच. एका खोळंब्यात वीस रिक्षा आल्या तरी नोंद एक, पुढे आकडा वीस. डोळे मिटल्याच्या सूचनेला मात्र गप्प बसवायचं नाही. उलट दुसऱ्या वेळी आवाज वेगळा, आणि तिसऱ्याला ऑफिसात फोन.

काकांना दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, "ड्रायव्हरने गॉगल घातला तर?"

त्यावर काम चालू आहे.